रात्रीला सोडलेली ओळ

१

वडील गेल्यानंतर अकराव्या दिवशी, दुपारी चार वाजून दोन मिनिटांनी, ते कामावर हजर झाले.

नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्याच्या तळाशी तसं लिहिलेलं होतं: मॉडेल – ०७ – हजर. बाकी कुणी मान वर केली नाही. ती मात्र हातातलं पुठ्ठ्याचं खोकं तसंच धरून उभी राहिली. खोक्यात बाबांचं सामान होतं. तीन टोकदार पेन्सिली, एक स्वेटर, कान तुटलेला कप. एकतीस वर्षांच्या नोकरीत माणूस एवढंच मागे ठेवतो, असं ती मनाशी म्हणत होती, तेवढ्यात हा आकडा. शून्य सात म्हणजे बाबा. तो आकडा दुसऱ्या कुणाचा कधीच नव्हता.

"साहेब, हे काय?"

शिफ्टसाहेबांनी जांभई अर्धवट गिळली. अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे असे हे गृहस्थ बाबांच्या बरोबरीने लागलेले. "ते होय? आठवडाभर चाललंय. चार वाजले की येतात. मी वर कळवलंय. ते म्हणतात, मशीनला सवय असते."

"मशीनला?"

"तुझ्या बाबांचीच मशीन ती. लागली असेल." ते हसले. मग आपण कुणासमोर हसलो हे लक्षात येऊन टेबलावरचे कागद उगाचच सरळ करू लागले.

चार वाजून नऊ मिनिटांनी ती ओळ पुसली गेली. बाबा खुर्चीवरून उठायचे तशीच, आवाज न करता.

"मोजणीबाई, बस जरा," साहेब म्हणाले. ती जमीन मोजायचं काम करायची, म्हणून त्यांनी तिला हे नाव फार पूर्वीच देऊन टाकलं होतं. त्यांनी ड्रॉवरमधून एक जाड लखोटा काढला. "तुला दाखवू नये खरं तर. पण शुक्रवारी सही झाल्यावर पेपरात वाचण्यापेक्षा हे बरं."

तो चौकशी समितीचा मसुदा होता. शेवटच्या पानावर एकच वाक्य तिला दिसलं: अपघातास मॉडेल-अभियंता (मयत) यांचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे.

आज मंगळवार होता.

२

मॉडेल म्हणजे काय, हे तिला दहाव्या वर्षीच कळलं होतं. जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून बाबांनी समजावलं होतं.

"वीज दिसत नाही. दिसतात ती मीटरं. आणि मीटरं माणसांसारखी, थोडं थोडं चुकतातच. म्हणून आपण आकड्यांचं एक शहर बांधायचं. खऱ्या शहरात जितक्या तारा, तितकी आपल्याकडे समीकरणं. दर पाच मिनिटांनी सगळ्या मीटरांना विचारायचं, काय रे, तुमचं एकमेकांशी जुळतंय का? या वाटीत जेवढी वीज आली, तेवढीच बाहेर पडायला हवी. कुणी खोटं बोललं, तर शेजारी त्याला पकडून देतात."

"आणि ज्याला शेजारीच नाही तो?"

बाबांचा हात वाटीवर थांबला होता. इतक्या कौतुकाने त्यांनी तिच्याकडे क्वचितच पाहिलं असेल. "त्याचा फरक नेहमी शून्य येतो. पकडायला कुणी नसतंच ना. म्हणून फरक दिसला तर भ्यायचं नाही. शून्य दिसलं की भ्यायचं."

मसुद्यातली हकिकत सरळ होती. टेकडीवरून शहरात येणाऱ्या वाहिनीला दोन टोकांना दोन मीटरं होती, एक टेकडीवर आणि एक शहरात. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला टेकडीवरचं मोजयंत्र बदललं. जुन्याच्या आकड्याला चारशेने गुणायचं, नव्याच्या सहाशेने. हा नवा गुणक मॉडेलमध्ये भरायचा राहिला. त्यामुळे वाहिनी खरी नव्वद टक्के भरलेली असताना मॉडेलला ती साठच दिसू लागली. शहरातलं मीटर मात्र नव्वदच सांगत होतं. दोघांचं भांडण लागलं आणि मॉडेल दर पाच मिनिटांनी घंटा वाजवू लागलं. नऊ तारखेलाच चार वाजून वीस मिनिटांनी ०७ने शहरातलं मीटर बंद केलं. खरं बोलणारं गप्प झालं, घंटा थांबली, आणि उरलेल्या खोट्याचा फरक शून्य दिसू लागला.

सत्तावीस तारखेला दुपारी मोठा ट्रान्स्फॉर्मर दुरुस्तीला घेतला. टेकडीची वाहिनी भार पेलेल, असं मॉडेल म्हणालं. तिने चार मिनिटं पेलला. मग अर्धं शहर बंद पडलं. एका गोदामाच्या माल चढवायच्या लिफ्टमध्ये अडकलेला हमाल उडी मारून बाहेर पडायला गेला, आणि तेवढ्यात वीज परत आली.

त्यानंतर नऊ दिवसांनी बाबा आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्या संध्याकाळी त्यांनी तिला फोन केला होता. ती एका उतारावर दुर्बिणीला डोळा लावून होती. नंतर करू, म्हणून तिने तो घेतला नव्हता.

३

"कागद? मी पाठवला की! बिनकागदाचं काम माझ्या बापानेही केलं नाही."

टेकडीवरच्या उपकेंद्रातला ऑपरेटर मिशा चावत बोलायचा. सगळे त्याला मिशीकाका म्हणायचे. बुधवारी सकाळी ती तिथे पोचली, तेव्हा आधी त्याने काम आहे म्हणून सांगितलं, मग ती जाईना म्हणून खुर्ची पुसून दिली.

"नऊ तारखेला यंत्र बदललं. त्याच दिवशी दुपारच्या जीपने चिठ्ठी धाडली. एकेचाळीस नंबर. हा बघा कार्बन."

कार्बनवर गुणक स्पष्ट होता, सहाशे. पण फाटकावरच्या वहीत तिने येतानाच पाहिलं होतं, जीप निघाली ती दहा तारखेला सकाळी.

"काका, वही तर दहा तारीख म्हणते."

"असेल मग दहा. आता माझं वय बघ आणि तारीख बघ." तो चिडला, आणि लगेच ओशाळला. "तुझे बाबा फोनवर हळू बोलायचे. मी ओरडायचो, ते हळूच राहायचे. त्यांच्या हातात चिठ्ठी पडली असती तर राहिली नसती, एवढं मी लिहून देतो. पण माझं लिहिलेलं विचारतो कोण?"

आदल्या दिवशी शिफ्टसाहेबांनीही सांगताना दोनदा घड्याळ चुकवलं होतं. म्हणाले घंटा दोन वाजल्यापासून वाजत होती, मॉडेलच्या नोंदीत होते अडीच. म्हणाले आपण तासभर वैतागलो, मग 'मॉडेलच्या खोलीत ओरडून आलो' असंही कबूल केलं.

"काय ओरडलात?"

"की ते कारटं बंद करा, नाहीतर मी भिंतीवरून उपटतो. दाराबाहेरूनच ओरडलो. आत कोण होतं, पाहिलं नाही. तुझे बाबाच असणार. दुसरं कोण?"

दुसरं कोण, हा प्रश्न त्यांनी सहज टाकला होता. ती मात्र तो खोक्यात घालून घरी घेऊन आली.

४

त्या खोलीत दोनच माणसं बसायची. बाबा, आणि त्यांच्या हाताखाली चार वर्षांपूर्वी आलेली, बाबा जिला चिमणी म्हणायचे ती. डबा चिमटीचिमटीने खायची म्हणून चिमणी. घरी तिच्या हुशारीची इतकी गाणी गायली जायची, की एके काळी मुलीने बाबांना विचारलं होतं, "दत्तक घेताय का तिला?" बाबा म्हणाले होते, "तुझी परवानगी असेल तर."

चिमणी बुधवारी दुपारी भेटली. डोळे सुजलेले, हात मांडीवर, एकावर एक.

"ताई, नऊ तारखेला चार वाजून वीस मिनिटांनी शहर टोकाचं मीटर बंद केलं."

"कुणी?"

"सरांनी. दहा तारखेला चिठ्ठी पोचली. नोंद करायची राहिली."

"घंटा कधीपासून वाजत होती?"

"ते... रजिस्टरमध्ये नाही."

"त्या दिवशी बाबांनी डब्यात काय आणलं होतं?"

चिमणी म्हणाली, "चार वाजून वीस मिनिटांनी शहर टोकाचं मीटर बंद केलं, ताई. एवढंच."

घरी आल्यावर मुलीने मसुद्याला जोडलेली रजिस्टरची झेरॉक्स उघडली. बाबांचं हस्ताक्षर, मुंगीएवढं, सरळ. नऊ तारीख: चार-वीस. शहर टोकाचं मीटर बंद केलं. मी. दहा तारीख: चिठ्ठी ४१ पोचली. नोंद करायची राहिली. मी. दोन्हींखाली त्यांची आद्याक्षरं. समितीला याहून जास्त पुरावा कशाला हवा होता?

चिमणीचं बोलणं त्या ओळींशी जुळवून पाहिलं. शब्दाला शब्द. मिशीकाका एका दिवसाने चुकला होता, साहेब अर्ध्या तासाने. चिमणीचा फरक शून्य होता.

शेजारच्या खोलीत बाबांची घरची खुर्ची होती. ती हलली, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. उठून पाहिलं तर खुर्ची होती तशीच, पाठीवर त्यांच्या डोक्याचा तेलकट डाग घेऊन.

५

गुरुवारी पहाटेच उठून तिने आपली स्वतःची वही काढली. मोजणीवाल्यांना रोजची वही लिहावीच लागते. कुठल्या बिंदूवर उभे होतो, किती वाजता, हवा कशी. नऊ तारखेच्या पानावर सकाळचे अकरा बिंदू होते आणि खाली एकच ओळ: दुपारी सुट्टी. बाबांचे डोळे.



तो दिवस तिला लख्ख आठवत होता. फक्त त्याची तारीख आठवत नव्हती. साडेतीन वाजता डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या की डोळे नुसते काळे दिसू लागले. परत येताना रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती त्यांना कडं दिसत होतं. "सगळं शहर ओव्हरलोड झालंय," ते म्हणाले आणि तिचं कोपर धरून चालले. दवाखान्याच्या फॉर्मवर त्यांनी केलेली सही तिने फाइलमधून काढली. अक्षरं बोटाएवढी, ओळ सोडून खाली घसरलेली. वर शिक्का होता, नऊ तारीख, वेळ साडेतीन ते साडेपाच.

चार-वीसला बाबा मॉडेलपासून तीन मैलांवर बाकावर बसले होते, आणि त्यांना स्वतःचा हातही धड दिसत नव्हता.

पण रजिस्टरमधलं अक्षर मुंगीएवढं, सरळ होतं. म्हणजे त्या ओळी त्या दिवशी लिहिलेल्याच नव्हत्या.

तिने झेरॉक्सची पानं पुन्हा खिडकीपाशी नेली, आणि कालपासून डोळ्यांसमोर असलेली गोष्ट तिला दिसली. बाबा प्रत्येक दिवसाची नोंद संपली की एक ओळ कोरी सोडायचे. लहानपणी तिने विचारलं होतं, ही वाया का घालवता? "ती रात्रीला," ते म्हणाले होते. "रात्री मी नसतो. तेव्हा काय झालं ते मला माहीत नाही, एवढं तरी लिहून ठेवायला नको?" एकतीस वर्षं, दर रात्रीला एक ओळ. त्याही महिन्यात प्रत्येक तारखेखाली ती होती.

फक्त नऊ आणि दहा यांच्यामध्ये नव्हती. दहा आणि अकरा यांच्यामध्येही नव्हती. त्या दोन रात्रींच्या जागेवर 'मी' असं लिहिलेलं होतं.

बाबांनी आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं होतं, आणि तेही सहीनिशी.

कुणासाठी, हे आता विचारायलाही नको होतं. तरीही ती दुपारी चारला दहा मिनिटं कमी असताना नियंत्रण कक्षाच्या जिन्यावर होती. मॉडेलच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. चार वाजून दोन मिनिटांनी भिंतीवरच्या पडद्यावर ओळ उमटली, ०७ – हजर. तिने दार ढकललं.

बाबांच्या खुर्चीत चिमणी बसली होती.

६

"थांब, उठू नकोस," ती म्हणाली.

चिमणी उठलीच. खुर्चीला धरून उभी राहिली.

"सरांनी त्या दिवशी मला त्यांचा पासवर्ड दिला होता, ताई. डोळ्यांचं म्हणून जाताना. काही लागलं तर बघ, म्हणाले. कधी द्यायचे नाहीत. घंटा थांबेना. साहेब दाराबाहेरून ओरडले. दोन मीटरं भांडत होती, त्यातलं एकच गप्प करायचं होतं. मी विचार केला, टेकडीवरचं तर आजच बसवलंय, कोरं करकरीत. नवं कशाला खोटं बोलेल? मी जुन्याला गप्प केलं. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी आली ती माझ्या ट्रेमध्ये. तिच्यावर दुसरे कागद पडले. सत्तावीस तारखेनंतर सापडली."

"बाबांना कधी सांगितलंस?"

"त्याच दिवशी. ते ओरडलेच नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, पासवर्ड मी दिला, म्हणजे हात माझाच. म्हणाले, समितीपुढे मी बोलेन, तू रजिस्टरबाहेर एक शब्द बोलायचा नाही. आणि मग..."

आणि मग ते गेले. समितीपुढे त्यांच्या वतीने रजिस्टर तेवढं बोललं.

"आणि हे रोज चारला?"

"सर चारला दिवसाचं मॉडेल चालवायचे. पहिल्या दिवशी चार वाजले आणि ती ओळ उमटलीच नाही. मला नाही बघवलं, ताई." चिमणी कपाळ खुर्चीच्या पाठीला टेकवून रडू लागली. "सात मिनिटं बसते. मीटर पुन्हा चालू केलंय ते बघते आणि उठते."

तिला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला राग येईल. आला तो बाबांचा. एका मेलेल्या हमालाच्या हकिकतीत त्यांनी खोटं लिहून ठेवलं होतं, आणि ते पकडण्याचं काम मुलीवर टाकून गेले होते.

"आमच्या मोजणीत चूक खोडरबराने पुसत नाहीत," ती म्हणाली. "तिच्यावर एक रेघ मारतात, चूक खालून दिसली पाहिजे. वर बरोबर आकडा लिहितात, आणि ज्याने चूक केली तो सही करतो. दुसऱ्याने केलेली चालत नाही. उद्या मी माझा कागद ठेवणार आहे. तुझं नाव मी घेणार नाही. ते घ्यायचं की नाही, हे तुझं तू बघ."

चिमणीने ०७ची ओळ पुसली.

७

समितीचे अध्यक्ष म्हातारे अभियंते होते, कानात यंत्र घालणारे. शुक्रवारी त्यांनी दवाखान्याचा कागद उजेडात धरला, मग तिची वही, मग रजिस्टर. रात्रीच्या ओळीची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली.

"म्हणजे तुमचं म्हणणं, तुमचे वडील खोटं बोलले?"

"हो."

"मुलगी वडिलांचं नाव राखायला येते, आणि सांगते ते खोटारडे होते." ते कडवट हसले नाहीत, नुसतेच हसले. "बाई, तुमच्या वडिलांचीच भाषा वापरतो. दोन मीटरं भांडतायत. एक म्हणतं 'मी केलं'. दुसरं म्हणतं 'ते तिथे नव्हतेच'. आणि दुसरं मीटर म्हणजे त्यांची मुलगी. शिक्क्यावरून ते दवाखान्यात आले एवढं दिसतं, मधेच उठून गेले नाहीत हे तुम्हीच सांगता. मी कुणाला गप्प करू?"

"कुणालाच नाही."

"मला आज सही करायचीय."

शिफ्टसाहेब छताकडे पाहत होते. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मी दाराबाहेरून ओरडलो. आत कोण होतं ते मी पाहिलं नव्हतं. तुमच्या कागदावर मी 'पाहिलं' असं आहे. ते बदला." पण एवढ्याने काही ठरत नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

अध्यक्षांनी पेनचं टोपण काढलं.

मागच्या रांगेतली खुर्ची सरकली. चिमणी उभी राहिली होती. तिच्या हातात बाबांच्या पेन्सिलींसारखीच एक टोकदार पेन्सिल होती.

"घंटा अडीच वाजल्यापासून वाजत होती," ती म्हणाली. "सरांच्या डब्यात त्या दिवशी उकडलेली अंडी होती. जाताना एक माझ्यासाठी ठेवून गेले होते. मी ते खाल्लं, आणि चार-वीसला मीटर बंद केलं. मी. सर नव्हते."

अध्यक्षांनी टोपण परत लावलं.

रजिस्टर टेबलावरून तिच्याकडे सरकवलं गेलं. चिमणीने नऊ तारखेच्या 'मी'वर एक रेघ मारली, मग दहा तारखेच्या. खालचं अक्षर दिसत राहील अशी. वर स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली. मसुद्यातलं ते वाक्य त्या दिवशी बदललं. बाबांच्या नावापुढे राहिलं ते एवढंच: पासवर्ड दिला. ते खरं होतं, आणि मुलीने ते राहू दिलं. ओरडणाऱ्या साहेबांचंही एक वाक्य आत आलं. हमालाच्या घरी पाठवायच्या पत्रात पहिल्यांदाच काय झालं ते सरळ लिहिलं गेलं.

चार वाजून पाच मिनिटांनी ती आपले कागद उचलून निघाली. कक्षातून जाताना पडद्याच्या तळाकडे पाहणार नाही असं तिने ठरवलं होतं, तरी पाहिलं. ओळ कोरी होती.

घरी येऊन तिने आपली वही उघडली. बाबा गेले त्या तारखेचं पान. बिंदू सतरा, उतार, ऊन मंद. वाजून गेलेल्या त्या फोनची वेळ तिने तिथे लिहून ठेवली होती, सहा वाजून अकरा. ते कबूल करायला केला होता की नुसताच, जेवलीस का विचारायला? तिने दोन्ही उत्तरं धरून पाहिली. दोन्ही सारखीच जुळली. त्या फोनला दुसरं टोक ती स्वतः होती, आणि ती उचलायला तिथे नव्हती.

तिने त्या दिवसाखाली काही लिहिलं नाही. एक ओळ सोडली, आणि पुढची तारीख घातली.